कोणता कारंजा?

अहो, काल तुमचा जलदानविधी झाला. माणसं चांगलीच जमली होती. हरसूलहून तुमच्या डेपोतले दोघे-तिघे आले, विंचूरची भावकी आली, कॉलनीतली तर झाडून सगळी. भंतेजींचं सुत्तपठण झाल्यावर एकेक जण उभा राहून तुमच्याबद्दल बोलला. सगळ्यांच्या तोंडी एकच, शब्दाचा पक्का माणूस होता. एकदा बोलले की बोलले, मागे फिरणं नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, खरंय बाबांनो, तुम्ही घटकाभर ऐकलेत ते शब्द. मी त्यांच्यासोबत संसार केलाय.

मलाही बोला म्हणाले. मी उठले नाही. मला जे बोलायचंय ते चार लोकांत बोलण्यासारखं नव्हतं. आज घरात कुणी नाही. आता निमूट ऐकून घ्या, मध्ये तोंड घालायची सोय तुम्हाला राहिलेली नाही.

रडले का म्हणाल तर रडले. सकाळी उठून चहाची पूड शोधत बसले आणि सापडेना म्हणून रडले. माझी सकाळची शाळा, म्हणून चहा कायम तुम्ही करायचात. बाईच्या हातात चहा देणारा बाप्या म्हणून हरसूलला लोक हसायचे, तुम्ही ढिम्म. लग्नानंतर मला डी.एड.ला पाठवायचं ठरवलंत तेव्हा तुमच्या आईनं घर डोक्यावर घेतलं होतं. "सून शिकून मडम व्हनार हाय का?" तुम्ही म्हणालात, "होईल. मी म्हणालोय म्हणजे होईल." तोही तुमचा शब्दच. त्या शब्दावर मी आजवर भाकरी खाते. म्हणून तर तुमच्यावर धड रागावताही येत नाही, हीच माझी पंचाईत आहे.

पण कारंज्याचं काय?

आपला मिलिंद तेव्हा सहा वर्षांचा होता. आठवडे बाजाराहून मोठी गर्दी त्यानं पाहिली नव्हती. नाशिक केवढं असतं, हरसूलएवढं का त्र्यंबकएवढं, असं सारखं विचारायचा. तुम्ही म्हणायचात, एकदा दाखवतोच. नाशिक म्हणजे तुमचा जीव की प्राण. विंचूर सोडून पोरवयात इथल्या वसतिगृहात आलात, अनवाणी पायांनी गल्लीन् गल्ली पालथी घातलीत. "मला हे शहर कुणी बोट धरून दाखवलं नाही, मी पायांनी शिकलो," हे तुमचं वाक्य मला पाठ होतं. गावात आपल्या माणसाला पाणी प्यायचं तरी चार घरं टाळून जावं लागायचं, आणि इथं तुम्ही कुठल्याही रस्त्यानं मान वर करून चालत होतात. त्याचा अभिमान तुम्हाला होता आणि असायलाच हवा होता. फक्त त्यात एक खोट होती. नाशिकच्या बाबतीत तुम्ही चुकणं शक्यच नव्हतं.

सकाळच्या एस.टी.नं आपण निघालो. मिलिंदला नवी निळी अर्धी चड्डी होती आणि ती घालून तो बसायलाही तयार नव्हता, चुरगळेल म्हणून. आधी तुम्ही आम्हाला पांडवलेण्यांवर नेलंत. बुद्धमूर्तीपुढं त्याला हात जोडायला लावून त्रिसरण म्हणायला लावलंत. स्वतःचाच आवाज घुमून परत आला तसा तो दचकून माझ्या पदरात शिरला, मग हसत सुटला आणि पुन्हा पुन्हा म्हणत बसला. खाली उतरून शहरात आलो. भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले. तुम्ही म्हणालात, "आपल्याला तर एकच. सरकारनं आपला फोटो लावायला पाहिजे." मिसळ खाताना पोराच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तुम्ही त्याच्या पुढ्यातला रस्सा आपल्याकडे ओढलात आणि आपला पाव त्याच्या ताटलीत टाकलात. तो दिवस तोपर्यंत किती चांगला होता, हे मला आज कुणाला सांगताही येत नाही. त्यापुढचंच सगळ्यांना माहीत आहे, आणि तेही तुम्ही सांगितलं तसं.

मेन रोडनं आपण चौकात आलो. तुम्ही थांबलात. "हा कारंजा," म्हणालात. मिलिंदनं पुस्तकातल्या चित्रात कारंजं पाहिलेलं. त्यानं इकडे-तिकडे पाहिलं आणि विचारलं, "अण्णा, पाणी कुठंय?" तुम्ही हसलात. "पाणी नसलं तरी नाव कारंजाच." मग खाली वाकून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवलेत.

"नीट ऐक. गर्दीत चुकामूक झाली तर रडत हिंडायचं नाही. कुणालाही विचारायचं, कारंजा कुठं आहे. कारंज्यापाशी येऊन उभं राहायचं, आणि मी येईपर्यंत हलायचं नाही. काय सांगितलं?"

"कारंज्यापाशी उभं राहायचं. हलायचं नाही."

"शाब्बास."

मी शेजारीच उभी होते. शब्द न् शब्द ऐकला. माझे कान तेव्हाही शाबूत होते, आजही आहेत.

तिथून आपण गंगेवर गेलो. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणायचं, हेही मला तुम्हीच शिकवलं होतं. बुधवार होता, दोन्ही काठांवर बाजार भरलेला. भाजीचे ढीग, भांड्यांचा खणखणाट, मध्येच न्हाऊन ओलेत्यानं चाललेली यात्रेकरू माणसं. तुम्ही मिलिंदला उचलून पलीकडचा काठ दाखवलात. "तिकडं एक मोठं मंदिर आहे. आपल्याला आत घेत नव्हते म्हणून बाबासाहेबांची माणसं त्याच्या दारापुढं बसली होती. तुझे आजोबापण. काठ्या खाल्ल्या, पण हलले नाहीत." पोर डोळे मोठे करून ऐकत होतं. मग तुम्ही त्याला खाली ठेवलंत. मी मेथीची जुडी पारखत होते, तुम्ही कांद्याच्या ढिगापाशी विंचूरचा कुणी ओळखीचा भेटला म्हणून बोलत होतात. वळून पाहिलं तर मिलिंद नाही.

हाका मारल्या, थोडं इकडे-तिकडे पळालो. मी घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याकडेच धावले, आईचं मन आधी तिकडेच जातं. तुम्ही मला दंडाला धरून वर ओढलंत. "घाबरतेस काय? सांगून ठेवलंय त्याला. कारंज्यावर गेला असेल." आपण कारंज्यावर आलो. तिथं तो नव्हता. तुम्ही म्हणालात, येईल.

येईल, येईल करत आपण उभे राहिलो. मी म्हटलं, तुम्ही इथं थांबा, मी गंगेवर जाते. नाही म्हणालात. मी म्हटलं, मी थांबते, तुम्ही जा. तरी नाही. "आपण हललो तर चुकामूक होईल. मी सांगितलंय तसंच तो करणार." ऊन घरांच्या कौलांवर चढलं. मी चौकीवर जाऊ म्हटलं तर तुम्ही असं पाहिलंत की जणू मी तुम्हालाच हरवलेला म्हणून लिहून देणार होते. तोंडानं तुम्ही ठाम होतात. पण माझा हात तुम्ही इतका आवळला होता की त्यातली बांगडी वाढली आणि काच मनगटात रुतली. तुमचं तुम्हाला कळलंही नाही. त्या हातामुळेच मी आजवर म्हणत आले, हा माणूस दगड नाही, भेदरलेला आहे. पण भेदरलेल्या माणसानं पळायचं असतं, अहो. पोरासाठी पळायचं असतं.

तेवढ्यात समोर एक टांगा येऊन लागला. टांगेवाला ओरडत होता, "चलो पंचवटी कारंजा! पंचवटी कारंजा! दोन शीट, दोन शीट!"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचा चेहरा उतरला, मी स्वतः पाहिला. तुम्हाला माहीत होतं. नदीच्या अलीकडे रविवार कारंजा, पलीकडे पंचवटी कारंजा, हे तुम्हाला नाही तर कुणाला माहीत असणार? पण अलीकडच्या माणसाला कारंजा म्हणजे अलीकडचाच, आणि तुम्ही वसतिगृहापासून अलीकडचे. ज्या काठाचा माणूस त्या काठाचा कारंजा. साधी चूक होती हो. नाशिकच्या कुणाही माणसाकडून झाली असती. "अरेच्चा, माझं चुकलं," एवढं म्हणून टांग्यात चढला असतात तर ही गोष्ट तिथंच संपली असती, आणि पुढं कधीतरी आपण तिच्यावर हसलोही असतो.

तुम्ही म्हणालात, "मी त्याला रविवार कारंजा सांगितला होता."

ते पहिल्यांदा. टांग्यात बसायच्याही आधी.

पंचवटी कारंज्यावर तो उभा होता. एका विजेच्या खांबाला पाठ लावून, दोन्ही हात मागं धरून. नवी चड्डी ओली होऊन वाळली होती. शेजारचा पानवाला आपल्याला पाहून बाहेर आला. "हे पोरगं तुमचंच का हो? दुपारपासून उभं हाय. केळं दिलं, घेईना. फळीवर बस म्हनलं तर म्हनतंय, अण्णांनी हलायचं नाय सांगितलंय. मुताया बी गेला नाय."

मिलिंदनं तुम्हाला पाहिलं. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे धावला. तोंड भरून हसत म्हणाला, "अण्णा, मी हललो नाही!"

आणि तुम्ही त्याच्या थोबाडीत दिलीत.

चार माणसांत. गालावर बोटं उठली. "रविवार म्हणालो होतो ना! रविवार! अक्कल कुठं गेली?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या हल्लीच मी शाळेत मुलांना शिकवल्या, तर माझ्या डोळ्यांपुढं तोच चौक उभा राहिला. पानवाला खाली मान घालून आत गेला. मी मिलिंदला उचललं आणि तिथंच मोठ्यानं म्हटलं, "तुम्ही नुसतं कारंजा म्हणाला होतात." तुम्ही ऐकलंत. परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसलात.

एक थप्पड मी विसरले असते. कुणाच्या घरात थपडा नसतात? मला न विसरता आली ती त्यापुढची वर्षं.

पडलो तरी नाक वर म्हणतात ना, तुमचं नाक वर राहावं म्हणून पोराला रोज पाडावं लागलं. पाहुणे आले, चहा झाला की तुमची हाक यायची, "मिलिंद, सोमवारच्या आधी कोणता वार येतो रे?" पोर येऊन दाराच्या चौकटीत उभं राहायचं आणि म्हणायचं, "रविवार." की तुम्ही मांडीवर थाप मारून गोष्ट सांगायला लागायचात. गोष्टही दरवर्षी वाढत गेली. आधी तुम्ही रविवार कारंजा असं स्पष्ट सांगितलं होतं. मग त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पुढं पुढं तर तुम्ही दुकानाची पाटी दाखवून वाचून घेतलं होतंत आणि अख्खं नाशिक पालथं घातलं होतंत. लोक हसायचे. मी भांडी आपटत आतून म्हणायचे, "नुसतं कारंजा म्हणाला होतात!" मग तुम्ही आठवडाभर अबोला धरायचात. चहा तेवढा करून खिडकीत ठेवायचात, न बोलता. मी तो प्यायचे, न बोलता.

मिलिंद चौथीत गेला, सातवीत गेला, तरी तुमचा वार काही चुकला नाही. आपली बदली होऊन आपण नाशकातच, सातपूरला आलो. इथं शेजारी नवे, म्हणजे गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही पेढे वाटत काय म्हणालात आठवतं? "चला, आता तरी याला रविवार कळला असेल." पोरगं पेढा तोंडाजवळ नेत होतं, तो त्यानं तसाच खाली ठेवला.

त्याच सुट्टीत त्यानं मला एक सांगितलं आणि अण्णांना सांगू नको म्हणून शपथ घातली. मी ती पाळली. आता सांगते. तो गर्दीत हरवला नव्हता. तुम्ही आजोबांची गोष्ट सांगितलीत ना, तर आजोबा बसले होते ती जागा बघायला तो आपण होऊन पूल ओलांडून गेला होता. मंदिर सापडलं नाही, घाबरला, आणि मग तुमचं सांगणं आठवून त्यानं एका बाईला विचारलं, कारंजा कुठं आहे. तिनं जवळचा दाखवला. तिथं उभा राहिल्यावर त्याला वाटलं, आपण आजोबांसारखं हलायचं नाही. तुम्ही आलात तेव्हा तो तुम्हाला तेच सांगत होता. आजोबांसारखा हललो नाही, असं. पुरतं सांगायला त्याला वेळ मिळाला नाही.

तुम्ही त्याला उद्धट म्हणायचात. आय.टी.आय. करून सातपूरच्याच कारखान्यात लागला, आणि घर दोन गल्ल्यांवर असताना मित्रांबरोबर खोली घेऊन राहिला, म्हणून तुम्ही घरभर आरडाओरडा केलात. मला नवल वाटलं नाही. तो कुणासाठी थांबतच नाही आता. भेटायची जागा ठरली आणि समोरच्याला जरा उशीर झाला की हा निघून जातो. लग्नाचं एक स्थळ त्यामुळंच गेलं. मुलीकडची माणसं आली तोवर हा कामावर गेलेला.

मग तुम्हाला अर्धांग झालं. एक बाजू गेली, बोलणं बोबडं झालं. मिलिंद रोज पाळी सुटली की यायचा, औषधं आणायचा, तुम्हाला कुशीवर वळवायचा, तुमचं सगळं काढायचा. कुणी नाव ठेवलं नसतं असं केलं पोरानं. पण खाटेच्या पायाशीच उभा राहायचा. मी तुम्हाला एकट्यात किती विनवलं. म्हटलं, एकदा म्हणा त्याला, माझं चुकलं. तेवढंही नको, एवढंच म्हणा की नाशकात कारंजे दोन आहेत. तुम्ही वाकड्या तोंडानं म्हणालात, "दोन हायेत. पन मी... रविवार..." सुंभ जळला तरी पीळ जात नाही ते हेच. मला हसू आलं आणि तोंडात पदर कोंबून मी बाहेर जाऊन रडले.

शेवटच्या दुपारी, दवाखान्यात, तुम्ही चांगल्या हातानं त्याला जवळ बोलावलंत. खुणेनं मला बाहेर जा म्हणालात. मी इतक्या आनंदानं बाहेर गेले की दारात पाय अडखळला. म्हटलं, आली वेळ, इतक्या वर्षांनी का होईना. मी दाराशीच कान देऊन उभी होते.

तुम्ही म्हणालात, "रविवारच म्हनलो व्हतो मी."

 मग मिलिंदचा आवाज आला, अगदी शांत. "हो अण्णा. तुम्ही रविवारच म्हणाला होतात. माझंच चुकलं."

मी आत आले तर तुमचा चेहरा उजळलेला. मला म्हणालात, "बघ. पोरगं कबूल झालं." तुम्ही माझ्याशी बोललेलं ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

काल माणसं पांगल्यावर मिलिंद सतरंज्यांच्या घड्या घालत होता. मी त्याला विचारलं, का म्हणालास तसं?

"त्यांना ते पाहिजे होतं," म्हणाला.

मी म्हटलं, "म्हणजे तू त्यांना माफ केलंस ना रे?"

तो घड्या घालायचा थांबला. "माफ कसलं, आई? कारंज्यावर उभा होतो तेव्हा मला वाटत होतं, अण्णा आले की झालं, मग काही भ्यायचं नाही. मग ते आले. त्या दिवसापासून माझी त्यांची वाट बघायची संपली. परवा दवाखान्यात एक आजारी माणूस होता, त्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणालो. शेजारच्या खाटेवरच्यानं विचारलं असतं तरी म्हणालो असतो."

अगदी गोडीनं बोलला, राग नव्हता. सतरंज्या कोपऱ्यात लावल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला.

तेव्हा तुम्ही कबुली घेऊन गेलात म्हणून फार खुशीत राहू नका. ती तुमच्या लेकानं दिलेली नाही, एका परक्यानं दिली. लेक केव्हाच भांडायचा थांबला होता, आणि तुम्हाला वाटलं तुम्ही जिंकलात. मला काही ते जमायचं नाही. मला तुम्ही अजून परके झाला नाहीत. ऐका, मी शेजारीच उभी होते. तुम्ही नुसतं कारंजा म्हणाला होतात.